ऐंशी पावलं खाली

माझे अप्पा रस्त्यावरचे मुकादम. हाताखाली नऊ माणसं, एक डांबराची गाडी आणि घाटातला एकोणीस किलोमीटरचा रस्ता. किलोमीटरचा दगड हातभर जरी मागेपुढे लागला तरी तो उपटून पुन्हा लावायला लावणारा माणूस. "दगडच खोटं बोलायला लागले तर माणसांनी कुणाचं ऐकायचं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते सुरू झालं की आई भाजी चिरता चिरता उरलेलं पुरं करायची.

आणि त्याच माणसानं हे केलं. मुलगी म्हणून सांगताना माझी मान खाली जाते.

हा घाट खोदताना, अप्पांच्या जन्माच्याही आधी, दरड कोसळून सात कामगार गाडले गेले. दरड एवढी मोठी की कुणाला बाहेर काढताच आलं नाही. रस्ता तिच्यावरूनच पुढे नेला. पुष्कळ वर्षांनी खात्याला जाग आली आणि सात नावं कोरलेला दगड आला. वरच ठळक अक्षरांत: 'याच ठिकाणी'. त्या वेळच्या कामगारांपैकी एकच म्हातारा उरला होता. त्याला जीपमधून आणलं. वरच्या वळणावर त्यानं काठी टेकून जागा दाखवली आणि अप्पांनी तिथं लाल रंगाची फुली मारली.

खड्डा घ्यायला गेले तर खाली दरडीचेच धोंडे. दोन पहारी वाकल्या, खड्डा वीतभरही होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब हार घालायला येणार होते. मग अप्पांनी ऐंशी पावलं खाली उतरून मऊ माती बघितली आणि तासाभरात दगड उभा केला. साहेब आले, हार घातला, फोटो काढून गेले. ऐंशी पावलांनी कुणाचं काय बिघडतंय, असं अप्पांना वाटलं.

बिघडलं ते सहा महिन्यांनी. बसमधून एक बाई उतरली. शिवणकाम करणारी, साठीची, गुडघ्यांनी बेजार. दगडावरचं तिसरं नाव तिच्या बापाचं. तो गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. त्यानंतर ती दरवर्षी येऊ लागली. दगडाला पाठ टेकून बसायची आणि बापाला घरातलं सगळं सांगायची. सून कशी तोडून बोलते, नातवाला गणित कसं जमत नाही, मशीनचा पट्टा कसा सारखा निसटतो. अप्पा पाणी नेऊन द्यायचे. "मुकादम, तुम्ही माझा बाप मला शोधून दिलात," ती म्हणायची. अकरा वर्षं ती हे म्हणत राहिली आणि अकरा वर्षं अप्पा मूग गिळून बसले.

अप्पा निवृत्त व्हायचे होते त्या वर्षी तिनं त्यांना शर्ट शिवून आणला. अप्पांनी तो कपाटात स्वेटरांच्या खाली कोंबला. व्हायचं तेच झालं, आईच्या हाती लागला.

"बाहीसुद्धा मापाची आहे," आई म्हणाली. "कोण हो ही, जिला नुसत्या नजरेनं तुमचं माप घेता येतं?"

मला हसू आलं. अप्पांना नाही आलं. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले आणि सगळं बोलून गेले. मी भडकलेच.

"मग नंतर का नाही हलवला दगड? चार माणसांचं काम!"

"नंतर ती आली ना," अप्पा म्हणाले. "ती टेकून बसायला लागल्यावर कसा हलवू?"

आईनं शर्टाची घडी घातली. "तिला सांगून या. तोवर हा अंगाला लावायचा नाही."

पुढच्या वर्षी ती यायच्या दिवशी मी अप्पांबरोबर गेले. ती दगडापाशी डबा उघडून बसली होती. अप्पांनी चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच सांगितलं, पहारींसकट, साहेबांच्या हारासकट. तिच्या जागी मी असते तर तो डबा त्यांच्या अंगावर फेकला असता. तिनं झाकण लावलं.

"दाखवा," म्हणाली.

चढावर ती तीनदा थांबली. अप्पांनी हात पुढे केला, तिनं माझा धरला. वळण जवळ आलं तशी अप्पांची चाल मंदावली. का, ते मला कळेना. मग वास आला. तिथं रस्ता रुंद आहे आणि कठड्याचा आडोसा आहे, म्हणून ट्रकवाले तिथंच गाडी लावून मोकळे होतात. कठड्यावर ओघळ, खाली बाटल्या, चिखलात बुडालेले कागद. कडेला खात्याची गळकी डांबराची पिंपं.

"इथं?"

"इथं."

"लोक इथं काय करतात, ठाऊक होतं तुम्हाला?"

नाही म्हणता आलं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, अप्पा, नाही म्हणा.

"आमची माणसंही इथंच यायची, ताई," अप्पा म्हणाले. "मीसुद्धा."

तिनं त्या ओघळांकडे बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकत खाली बसली आणि एकेक बाटली उचलून बाजूला ठेवू लागली. अप्पा घाईघाईनं वाकले.

"तुम्ही नको, मुकादम," ती वर न बघता म्हणाली. "माझा बाप आहे."