तिचं स्वतःचं किती

सलग दुसऱ्या दुष्काळात मेंढरं विकून आम्ही देवगाव रंगारीहून शेंद्र्याला आलो. कंपनीत लागलो, खोली मिळाली आणि वर्षाच्या आत पोरीला साखर निघाली. आठ वर्षांची पोर आणि दिवसाला चार सुया.

मग नवलच झालं. काही महिन्यांत इन्सुलिन कमी कमी लागायला लागलं. गावाकडचे म्हणाले, आजार उतरला. मलाही तेच ऐकायचं होतं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, सुरुवातीला असं होतं, तिचं शरीर अजून थोडं इन्सुलिन बनवतंय. ते किती उरलंय हे एका तपासणीत कळेल. उपाशी आणा आणि सकाळचं इंजेक्शन देऊ नका.

झालं, माझं धनगरी डोकं चाललं. बाजाराच्या दिवशी आम्ही मेंढराला मीठ चारून पोटभर पाणी पाजायचो. पोट टंच दिसतं, भाव बरा येतो. मी म्हटलं, इन्सुलिनच मोजणार ना, मग जरा जास्त दिसू दे. आकडा चांगला आला की सुया बंद. त्या सकाळी बायको टँकरवर पाण्याला गेली होती. मी पोरीला रोजच्यापेक्षा जास्त इन्सुलिन टोचलं आणि बजावलं, आईला सांगू नको. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

दवाखान्याला निघालो. जालना रोडला मोटारसायकलवर बायको मागून म्हणाली, "अवो, थांबा. पोरगी गार पडलीय."

घामानं भिजली होती, मान टाकत होती. तशीच दवाखान्यात नेली. सिस्टरनं साखरेचं पाणी पाजलं, तेव्हा कुठं तिनं डोळे नीट उघडले. तपासणी रद्द झाली. मी सगळं कबूल केलं. मॅडम चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही बाहेरून दिलेलं इन्सुलिन यात दिसतच नाही. तिचं स्वतःचं जेवढं, तेवढंच दिसतं."

बायको चार दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबरच केलं तिनं.

पंधरा दिवसांनी परत गेलो. या वेळी पोरीला दुधासारखं गोड काहीतरी ग्लासभर प्यायला दिलं, त्यावर तिचं शरीर किती इन्सुलिन बनवतं ते बघायला, आणि दीड तासानं रक्त घेतलं. तिला मळमळत होतं, दोन घोट राहिले. सिस्टर म्हणाली, चालतंय. रिपोर्ट आला तर आकडा कमी होता. मॅडम म्हणाल्या, हे असंच घटत जाणार, कुणाच्या हातात नाही. मेंढरू आजारी पडलं तर आम्ही पाला चारायचो, डाग द्यायचो, काही ना काही तरी करायचो. इथं नुसतं बघत बसायचं. लई राग आला मला, पण काढायचा कुणावर?

पोरगी शेजारीच बसून सगळं ऐकत होती. घरी आल्यावर म्हणाली, "पप्पा, मी दोन घोट ठेवले म्हणून कमी आलं का?"

नाय गं, म्हणालो. तिला पटलं नाही.

वर्षानं पुन्हा तपासणी झाली. तिनं ग्लास एका दमात संपवला, बोट फिरवून तळ चाटला आणि सिस्टरला ग्लास उलटा करून दाखवला. रिपोर्टात मोजण्याएवढंही उरलं नव्हतं. वाढलं का, असं तिनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, व्हय, वाढलं.