नैऋत्येकडची भिंत

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळत आलो. मुलगी विचारायची, "बाबा, त्या मॅन्शनला आपण हल्ली का जात नाही?" मी कधी गुडघ्याचं कारण दिलं, कधी पार्किंगचं. दोन्ही खोटी.

ते घर आमच्या पॉइंट कुक उपनगरापासून गाडीने तासाभरावर. लोकरीच्या व्यापारात गब्बर झालेल्या एका इंग्रज कुटुंबाने मायदेशातल्या घराचा नकाशा मागवून बांधलेलं. मधोमध उंच दिवाणखाना, ओकचा रुंद जिना, नोकरांसाठी मागे वेगळा, एकच माणूस मावेल असा. चुकलं एकच. इंग्लंडात ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणून मोठ्या खिडक्या दक्षिणेला. इथे दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं, आणि नकाशा कुणी फिरवलाच नाही. सगळ्यात देखणी बाजू कायम सावलीत राहिली. नैऋत्येच्या भिंतीवर पाऊस आदळायचा आणि ती कधी पुरती वाळायची नाही.

दुरुस्तीच्या कामावर मी इंजिनिअर होतो. गवंडी वसईचा, घरात पिढ्यानपिढ्या चर्चच्या भिंतींचं चुन्याचं काम. दगडांमधल्या दरजा नव्याने भरायच्या होत्या आणि मी कागदावर सिमेंट लिहिलं होतं. मुंबईत शिकलेला मी. चुना म्हणजे मला मागासलेपणा वाटायचा.

एका दुपारी तो परांचीवरून उतरून माझ्याजवळ आला. आवाज खाली आणून मराठीत म्हणाला, "साहेब, इथं सिमेंट नको. दगड मऊ आहे. ओल दरजेतून बाहेर पडली पाहिजे. तिथं कोंडली तर दगड फोडेल."

"वसईचं चर्च बांधतोयस का?"

"चर्च उभं आहे, साहेब." तो हसला. "गळती तुमच्या मुंबईच्या सोसायटीला आहे. तुम्हीच सांगत होता."

"लिहिलंय तसं कर," मी म्हणालो.

तो मराठीत का बोलला, हे मला तेव्हाच कळलं होतं. गोऱ्या साइट मॅनेजरसमोर त्याला माझी चूक काढायची नव्हती.

दोन हिवाळे गेले आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागले. खिडकीच्या कोरीव चौकटीची कड बोटाने चुरगळत होती. मालकांनी मीटिंग बोलावली. मॅनेजरने गवंड्याला विचारलं, तो म्हणाला, "आय टोल्ड सर." सगळे माझ्याकडे वळले.

"इज दॅट राइट, मेट?"

"मला आठवत नाही," मी इंग्रजीत म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणालो, मी लिहून दिलेल्यापेक्षा साइटवर सिमेंट जास्त घातलं गेलं असावं.

त्याने मला सांगितलं त्या दुपारी आजूबाजूला पाच-सहा माणसं होती. मराठी एकालाही येत नव्हतं. मीटिंगमध्ये त्याने माझ्याकडे पाहिलं. मीच नजर काढून घेतली.

त्यानंतर जुन्या दगडाचं काम त्याला कुणी दिलं नाही. डँडेनॉन्गच्या एका गोदामात तो खोकी बांधायला लागला.

गेल्या वर्षी तिथल्याच एका किराणा दुकानात तो बायकोबरोबर दिसला. मी मागे फिरणार होतो, तेवढ्यात त्याने हाक मारली. बायकोला म्हणाला, "अगं, हे आमचे इंजिनिअरसाहेब. मोठ्या घरावर बरोबर होतो आम्ही." त्याने हात पुढे केला. तळवा मऊ झाला होता. माझ्या तोंडून निघालं, "इथे कोथिंबीर ताजी मिळते का?"

"गुरुवारी या, साहेब."

तीन गुरुवार गेलो. कधी दुकानात उभा राहिलो, कधी गाडीतच बसलो; भेट झालीच नाही. चौथ्या गुरुवारी त्याच्याबद्दल विचारलं, तर दुकानदाराने सांगितलं, ते गेले, हार्ट अटॅक. बायको मुलाकडे राहायला गेली, पत्ता त्याला माहीत नव्हता.

मला त्याला एवढंच म्हणायचं होतं: तू मला सांगितलं होतंस. मी ऐकलं होतं, मला शब्दन् शब्द आठवत होता. मी खोटं बोललो आणि तुझ्या हातचं काम गेलं. मला माफ कर.