आईचा पाट

पितरपाठात कुणाच्याही घरून उडदाचे वडे तळल्याचा वास आला, की मला कुंभार पिंपळगावातलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. बिजवराशी लग्न होऊन मला वर्षही झालं नव्हतं. यांची पहिली बायको वारलेली, म्हणून अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची होती. पाट मांडला, रांगोळी काढली, आणि सांगितलेली सवाष्ण तापानं आडवी पडल्याचा निरोप आला. तिला द्यायची हिरवी साडी मांडीवर घेऊन पहिलीची लेक बसली होती, नऊ वर्षांची. ती मला मावशी म्हणायची, आणि तोवर माझ्याशी कामापुरतंच बोलायची. ती एकदम म्हणाली, "मंग मावशीलाच बसू द्या ना आईच्या पाटावर." कढईतला वडा उलटता उलटता माझा हात थांबला. सासूबाई म्हणाल्या, "घरातली न्हाई चालत. जा गं, शेजारणीला जल्दी बलावून आण." रीत त्यांची बराबर होती, मी हात पुसून गेले. परत आले तर साडी पाटावर ठेवलेली, आणि पोर न्हाणीपाशी पाठ करून बसलेली. तिच्याजवळ घडीभर टेकावं असं फार वाटलं, पण पानं वाढायची होती. आता ती दर नवमीला सासरहून येते, माझ्याबरोबर वडे थापते, सवाष्णीचं पान वाढते. "मावशी, दमल्या असाल, बसा की," म्हणत माझ्यासाठी खुर्ची पुढं सरकवते, आणि मी त्या पाटाकडं बघत खुर्चीत बसते.