बाईंचे साक्षीदार

मला मदत केली ती आमच्या मालकिणीच्या नणंदेनं, हे आधीच सांगून ठेवते; नाहीतर पुढचं वाचून कुणालाही वाटेल की मी त्यांच्यावर जळते. जळतेच. पण उपकार आधी. साऱ्या मालवण तालुक्यात त्यांच्याइतका गोतावळा दुसऱ्या कुणाचा नसेल, आणि त्यातली निम्मी माणसं मेलेली आहेत. शाळेत चित्रकला शिकवायच्या म्हणून सगळं गाव त्यांना बाई म्हणतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी देवबागच्या घराची अर्धी पडवी अडवली, तिथं कॉम्प्युटर आणि स्कॅनर मांडला, आणि लोकांचे जुने, फाटलेले, बुरशी खाल्लेले फोटो नीट करून द्यायला लागल्या. घराच्या मागच्या खोल्यांत पर्यटक उतरतात, त्यांचा स्वयंपाक माझ्याकडे. माझी शाळा सातवीत सुटली, पोटामागं जतच्या माळावरून या वाळूत आले, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाईंचा दरबार बघत बसले.

खाऱ्या हवेची बाईंना एवढी भीती, की स्कॅनरला त्या तान्ह्या पोरासारख्या गोधडीत गुंडाळून ठेवतात. मासळीच्या हातानं कुणी पिशवीतून फोटो बाहेर काढला तर आधी साबण, मग लिंबू, मग हाताचा वास घेणार, मग बस म्हणणार. फोटोतल्या माणसांशी त्या सरळ बोलतात. "मान सरळ ठेव रे मेल्या, कधीपासून वाकडो बसलंस!" असं एका खोताला सुनावून त्यांनी खरंच त्याचा फोटो सरळ केला. एका कुटुंबाला आजीच्या अंगावर शालू हवा होता आणि रंगही जरा उजळ. बाईंनी चष्मा काढला. "म्हातारेन जल्मात शालू बघूक नाय. आता नेसान खंय जातली?" शालू मिळाला नाही, रंगही नाही, आणि ती माणसं वर त्यांना कोकमं देऊन गेली.

पण खरा हट्ट वेगळाच. चेहऱ्याचा भाग गेला असेल तर घरचा साक्षीदार शेजारी बसल्याशिवाय बाई माऊसला हात लावत नाहीत. त्यामुळे म्हाळाच्या पंधरवड्यात, पितरांचे फोटो भिंतीवर लावायची घाई झाली, की रिक्षा भरभरून साक्षीदार येतात. मसुऱ्याचे दोन भाऊ आजोबांच्या कानावरून भांडले. "आज्याचे कान असे नाय होते!" "तू तेव्हा पाळण्यात होतंस रे!" बाईंनी दोघांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, मागून चारही कान न्याहाळले आणि म्हणाल्या, "चारय एकाच साच्यातले. गप बसा." तोच कान त्यांनी आजोबांना दिला. मग दोघं भाऊ एक झाले आणि बाईंशी भांडायला लागले. मी चहा नेऊन दिला आणि आत येऊन कांदा चिरत राहिले. एका कानासाठी एवढी माणसं! माझ्याकडे कानच काय, अख्ख्या आईसाठी कुणी नव्हतं.

आईचा एकच फोटो माझ्याकडे होता, जत्रेत काढलेला. ती गेली तेव्हा मी इतकी लहान होते की तिचा चेहरा म्हणजे मला तो फोटोच. देवबागच्या ओलीनं ट्रंकेत शिरून नेमकं तिचं तोंड खाल्लं; नाकाखाली पांढरा डाग, मग एकदम हनुवटी. मी फोटो पुढं केला. बाई म्हणाल्या, "साक्षीदार?" मी म्हटलं, कुणी नाही, तुम्हीच अंदाजानं काढा. "अंदाजान मी आंबो रंगवीन, कोणाची आवस रंगवूचंय नाय." मला त्या क्षणी त्यांचा राग आला, पण धास्ती त्याहून मोठी होती. चुकीचं तोंड काढलं गेलं तर मी जन्मभर दुसऱ्याच बाईला आई म्हणत बसेन. "गावाक फोन लाव," बाई म्हणाल्या. "कोण तरी म्हातारी जिवंत आसतली."

गावातल्या एका चुलतभावाचा नंबर तेवढा माझ्याकडे होता; त्यानं व्हिडिओ कॉल लावून मोबाईल आमच्या शेजारच्या म्हातारीपुढं धरला. भिंतीपलीकडं राहिलेली ती. तिला मालवणी कळेना, बाईंना तिचं बोलणं कळेना, आणि दोघी एकमेकींना बहिरी समजून ओरडत होत्या. मी मधे दुभाषी. म्हातारी म्हणाली, "वरला व्हट आखूड हुता. गप बसली तरी हसल्यागत दिसायची." बाई विचारत गेल्या, ती सांगत गेली, दात कसे, हसताना कुठली बाजू वर जायची. हे सगळं मला माझ्या गावात कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि या परक्या बाईला भडाभडा मिळत होतं. तोंड पुसलं गेलं, खोडलं गेलं, पुन्हा निघालं. शेवटी बाईंनी मोबाईल स्क्रीनसमोर धरला. पलीकडं म्हातारीनं डोळे बारीक करून मोबाईल नाकाशी नेला. मग ती एकदम कडाडली, "हीच की गं भवानी! माझी चाळण मागाया आली की आस्संच त्वांड करायची!"

बाई हसल्या, चुलतभाऊ हसला. मी स्क्रीनकडं बघत राहिले. आखूड ओठाची, चाळण मागायला आलेली एक बाई माझ्याकडं बघत होती, आणि ती माझ्याहून वयानं लहान होती.

आता दर रविवारी म्हातारीचा फोन येतो, माझ्याच मोबाईलवर, आणि पहिला प्रश्न असतो, "बाई हायत का?" दोघी ओरडून ओरडून बोलतात, एकमेकींचं निम्मं कळत नसताना. मी बाजूला उभी. मी गावी जाऊन वर्षं झाली. जाऊन भेटायचं कुणाला, असं वाटायचं. आता एकदा बाईंना घेऊन जाणार आहे. त्या कधी घाट चढलेल्या नाहीत, वाटेत सगळ्यांना सुनावतील, पण नेईनच. आमच्या गल्लीत त्यांना पाटावर बसवीन, ज्वारीची भाकरी माझ्या हातानं वाढीन. म्हातारी आधी त्यांनाच मिठी मारेल, हे मला पक्कं माहीत आहे. मारू दे. माझ्याकडं ती नंतर वळेल.