खंडेनवमीला कोरडं चाललेलं इंजिन

धाकट्या दिराने नाव घेतली तेव्हा मी साठी ओलांडली होती. आमचं रान दुधनेच्या धरणात जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या पाण्याला आता फुगवटा म्हणतात आणि सेलूहून, पाथरीहून, परभणीहून लोक डबे घेऊन ते बघायला येतात. आमच्याच ज्वारीच्या रानावरून लोकांना फिरवून आणायचं, हे दिराच्या डोक्यात आलं. नाव फायबरची, जुनी. मागे लटकवायचं पेट्रोलचं इंजिन. नांदेडकडच्या एका माणसाने नवी नाव घेतली म्हणून जुनी आम्हाला विकली.

तो माणूस नाव पोचवायला आला तेव्हा अर्धा दिवस एकेक गोष्ट समजावून सांगत होता. दीर फोनवर बोलत होता. मी चहा घेऊन उभी होते, म्हणून मी ऐकलं. पेट्रोलमध्ये तेल किती घालायचं, प्लग कधी पुसायचे, पंख्याला गवत गुंडाळलं तर आधी इंजिन बंद करून मगच हात घालायचा. आणि एक गोष्ट त्याने तीनदा सांगितली. इंजिनाचा पाय पाण्यात असतो. पायात एक रबरी पंखा असतो, तो पाणी वर ओढतो आणि इंजिन थंड ठेवतो. पाय पाण्याबाहेर असताना इंजिन चालू केलं तर रबर जळतं. अर्धं मिनिटसुद्धा चालवायचं नाही.

मी चौथी शिकलेली बाई. पण नवरा गेल्यावर नदीवरचं डिझेल इंजिन हँडल मारून मीच चालवलं होतं. इंजिनाची मला भीती नव्हती. हळूहळू सगळं काम माझ्याकडे आलं. दीर नाव हाकायचा, लोकांशी गोड बोलायचा. संध्याकाळी लोक गेले की मी इंजिनाचा पाय स्वच्छ पाण्याच्या टिपाडात उभा करायची आणि पाच मिनिटं चालवायची, म्हणजे आतला गाळ धुऊन निघायचा. इंजिनाच्या मागून पाण्याची एक बारीक धार पडते. ती पडते म्हणजे आत पाणी फिरतंय. नाव सोडायच्या आधी मी काठावरून ओरडायची, "भावजी, मुततंय का बघा!"

पाहुणे हसायचे. दीर लाजायचा. "वयनी, लोकं हायेत," म्हणायचा.

"मग लोकांना बुडवायचंय का?"

नावेत आठच्या वर माणूस बसवू द्यायची नाही मी. जाकीट घातल्याशिवाय दोर सोडायची नाही. परभणीच्या बायकांना साडी चुरगळायची काळजी. मी म्हणायची, चुरगळलेली साडी इस्त्री करता येते. दोन वल्ही, पाणी उपसायचा डबा आणि लंगर म्हणून फुटक्या जात्याची तळी दोराला बांधलेली, एवढं नावेत असलंच पाहिजे. लंगराचा दोर रोज सोडून परत नीट वेटोळा करायची, म्हणजे वेळेला गुंता होत नाही. दिराला हे सगळं नखरे वाटायचे. "आक्काची शाळा भरली," असं जाऊ म्हणायची. जाऊ म्हणजे त्याची बायको, माझ्याहून दहा वर्षांनी लहान.

सहा वर्षं हे चाललं. जन्मभर राबले, पण जे मला चांगलं येतं आणि दुसऱ्या कुणाला येत नाही असं हे एकच काम मला मिळालं. ते जाऊ नये एवढंच मला वाटत होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळे, कुऱ्हाड, मोटरसायकल, आणि नाव आल्यापासून नावेचं इंजिनसुद्धा. त्या वर्षी मी आदल्या दिवशी इंजिन उतरवून घेतलं, साबणाने धुतलं, तेलाचा फडका मारला, लाकडी घोडीवर अंगणात उभं केलं. सकाळी जाऊ ताट घेऊन आली. भावकीतल्या चार बायका होत्या, दोन-तीन पुरुष होते.

"आक्का, तुमी जरा आत बसा," जाऊ म्हणाली. "हळदीकुंकवाचं हाय."

दर वर्षी हेच म्हणायची. विधवेने पूजेला पुढे यायचं नाही. मीही दर वर्षी आत जायची. भांडण करण्यासारखं ते मला कधी वाटलं नव्हतं. आत बसून चुलीकडे बघत होते. जावेने इंजिनाला हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फुटला. मग कुणीतरी म्हणालं, "चालू करून दावा की. मोटरसायकल चालू केली, मग ह्येला काय झालं?"

दिराने दोर ओढला आणि इंजिन लागलं.

पाण्यात असताना त्या इंजिनाचा आवाज जाड असतो, दबलेला. हा आवाज बारीक होता, चिरका. मी दारात आले. "भावजी, बंद करा! पाण्याबिगर चालवू नका!"

तेवढ्यात आरती सुरू झाली होती. टाळ्या, घंटा, वरून इंजिन. दिराने माझ्याकडे बघितलं आणि हाताने थांबा म्हणाला. जाऊ ताट ओवाळता ओवाळता मान वळवून म्हणाली, "आक्का, आरती तर होऊ द्या! तिकडंच थांबा."

दारापासून इंजिनापर्यंत चार पावलं होती. इंजिनाला लाल दोरी असते, ती ओढली की इंजिन बंद पडतं. मला चार पावलं जाऊन ती ओढायची होती. मी गेले नाही. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मी उंबऱ्याच्या आत उभी राहिले. आमच्या घरची आरती लांब असते. एक झाली की दुसरी घेतात. इंजिन सगळ्या आरत्यांना चाललं. दुसऱ्यांना नावं ठेवायच्या आधी मी हे सांगून टाकते. त्या दिवशी मी थांबले.

प्रसाद वाटल्यावर मी दिराला बाजूला घेतलं. "रबर जळालं असंल. मला खोलून बघू द्या."

"आज हत्यार लावायचं नसतं, वयनी. पूजा झालीय."

"मग उद्या नाव सोडू नका."

"उद्या दसरा हाय. लोकं यायचेत. तुमी रोज टिपाडाशेजारी चालू करता की जिमिनीवर. तवा नाही जळत?"

"टिपाडात पाणी असतं, भावजी. पाय पाण्यात असतो."

"ते तर धुवायला असतं," तो म्हणाला. सहा वर्षं तो बघत होता आणि त्याला वाटत होतं की टिपाड पाय धुवायला आहे.

दसऱ्याला दुपारी परभणीचं एक कुटुंब आलं. नवरा-बायको, नवऱ्याची म्हातारी आई, बायकोची बहीण आणि दोन मुली. दिराने माझ्या आधीच इंजिन नावेला लावलं होतं. मी काठावर जाऊन बघितलं. धार पडत होती, पण म्हाताऱ्याची पडते तशी. थांबून थांबून.

"भावजी, नका सोडू."

"पडतीय की धार."

"ही धार न्हाई."

पाहुणा म्हणाला, "काय प्रॉब्लेम आहे का?"

"काई न्हाई साहेब. आमच्या वयनीला जरा काळजी जास्त," दीर म्हणाला, आणि सगळे हसले.

मग मी नावेत चढले. आठजणांत मी आठवी. जाऊ काठावरून ओरडली, "आक्का, सणाचं तुमी कुठं चाललात?"

अर्ध्या पाण्यात गेल्यावर आधी वास आला. तापलेल्या रंगाचा. मग आवाज चढला आणि इंजिन करकचून थांबलं. दिराने दोर ओढला, तो जागचा हलेना. दुपारनंतर तिथे वारा सुटतो. इंजिन थांबल्याबरोबर नाव आडवी फिरली आणि लाटा कुशीवर बसू लागल्या. पहिलं पाणी आत आलं तशी बायकोची बहीण उभी राहिली, तिला बघून मुली उभ्या राहिल्या. दीर दोर ओढत होता आणि देवाचं नाव घेत होता.

"बसा!" मी ओरडले. "खाली, बुडावर बसा! जो उभा राहील त्याला मी मारीन!"

बसले. त्या म्हातारीने दोन्ही नातींना जाकिटाला धरून खाली ओढलं. मी गुडघ्यांवर पुढे सरकत गेले आणि जात्याची तळी पुढच्या टोकावरून पाण्यात सोडली. दोर सरसर गेला, कुठे अडकला नाही. तळी गाळात रुतली, दोर ताणला आणि नावेचं तोंड हळूहळू वाऱ्याकडे वळलं. लाटा पुढच्या टोकावर फुटू लागल्या. आत पाणी यायचं कमी झालं. मी डबा म्हातारीच्या हातात दिला. "उपसा." ती उपसायला लागली.

वारा पडायची वाट बघत आम्ही तसेच बसलो. त्या पाण्याखाली बाभळीची खुंटं आहेत, फायबर चिरतील अशी. ती कुठे आहेत ते मला माहीत आहे, कारण ती आमच्याच बांधावरची आहेत. वारा उतरल्यावर लंगर वर घेतला. एक वल्हं दिराला दिलं, एक पाहुण्याने घेतलं, आणि मी सांगेन तसं वळवत काठाला आणलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

काठावर उतरल्यावर म्हातारीने माझा हात धरला आणि तसाच धरून ठेवला. तेवढ्यात जाऊ आली. भिजलेल्या मुली बघितल्या, इंजिनाचा वास घेतला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मी वरडले तवाच! दसऱ्याच्या दिवशी आक्का नावेत बसल्या. काल पूजेतबी मधी मधी वरडत होत्या. मग दुसरं काय व्हनार?"

मी दिराकडे बघितलं. काल मी काय सांगितलं ते त्याला माहीत होतं. तो नावेचा दोर खुंटीला बांधत होता. एक गाठ मारायला माणसाला किती वेळ लागतो? तो बांधतच राहिला.

आठ दिवसांनी परभणीहून मिस्तरी आणला. त्याने पाय खोलला. रबरी पंख्याची पाती तुटलेली, कोळशासारखी, तुकडे नळीत अडकलेले. वर पिस्टनला ओरखडे. "कोरडं कुणी चालवलं हे?" त्याने विचारलं.

दीर म्हणाला, "काय म्हाईत. इंजिनाचं सगळं आमच्या वयनीच बघत्यात."

मी तिथेच पाटावर बसले होते. म्हणाले, "आरती पुरी होईस्तोवर चाललं, मिस्तरी. दोन आरत्या आन् मंत्रपुष्पांजली. चालवलं कुणी ते ह्यांना विचारा."

मिस्तरी हसला नाही. दीर उठून आत गेला. संध्याकाळी जावेकडून निरोप आला की आक्का आता दमल्यात, त्यांनी घरी बसावं, दीर स्वतःच बघेल. मी पाना-पक्कड आणि फडक्यांची पिशवी तिच्या हातात दिली.

मिस्तरीने नवा पंखा घालून इंजिन चालू करून दिलं होतं. महिनाभर मी घरी बसले. घर काठापासून लांब नाही, आवाज येतो. दोनपैकी एकाच प्लगवर चालणारं इंजिन कसं वाजतं ते मला दारात ज्वारी निवडताना ऐकू यायचं, आणि मी सूप हलवत राहायची. मनात यायचं, पडू दे बंद. मग नावेत बसलेल्या पोरी आठवायच्या. वाईट वाटायचं ते ह्याचं की दोन्ही गोष्टी मला खऱ्याच वाटायच्या.

दिवाळीनंतर दीर दारात आला. खाली बघत म्हणाला, "वयनी, धार येईना."

"बायकोला विचारा. तिला सगळं कळतं."

"लोकं बसलीत नावेत."

लोक बसलेत म्हणून गेले. नळीत गवत होतं, तारेने काढलं. दुसऱ्या दिवसापासून परत सगळं माझ्याकडे. चुकलं असं तो म्हणाला नाही. जाऊ तर नाहीच. गावात अजून सांगतात की दसऱ्याला आमची नाव का बंद पडली, आणि त्यात इंजिन कुठेच नसतं. मी असते.

पुढची खंडेनवमी जवळ आली तसं मी दिराला म्हणाले, "पूजा टिपाडात उभं करून करा. नाहीतर मला तिथं बसू द्या."

उत्तर जावेने दिलं. "देवाला टिपाडात उभं करता व्हय, आक्का? आन् तुमी बसलात तर लोकं काय म्हणतील?"

दिराने कान खाजवला. "चालू न्हाई करत आम्ही, वयनी. तुमी निवांत आत बसा."

मी इंजिन धुतलं, पुसलं, घोडीवर उभं केलं. झाकण उघडून दोन्ही प्लग काढले, भोकांत फडक्याचे बोळे घातले, झाकण परत लावलं. प्लग नसले की इंजिन लागत नाही, दोर नुसता हलका येतो. प्लग पदराच्या गाठीत बांधले आणि आत जाऊन बसले.

आरतीच्या आधी कुणीतरी म्हणालंच, चालू करून दावा. दिराने फार आढेवेढे घेतले नाहीत. दोर ओढला. पुन्हा ओढला. "कसा लोण्यावानी येतोय दोर," म्हणाला. दहाबारा वेळा ओढला, घामाघूम झाला. शेवटी आरती बिनआवाजाची झाली.

"यंदा रुसलं इंजिन," एक बाई म्हणाली.

"रुसंल न्हाई तर काय," जाऊ म्हणाली. "काल हात कुणाचा लागलाय त्याला?"

मी आत ऐकत होते. बाहेर जाऊन गाठ सोडून दाखवली असती, तर पुढच्या वर्षी ते झाकण उघडून बघायला शिकले असते. मी बसून राहिले. प्रसाद वाटता वाटता दीर दारापाशी आला, वाटी माझ्यापुढे ठेवली आणि क्षणभर उभा राहिला. माझ्या पदराकडे बघितलं की नुसतंच खाली बघितलं, ते मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी जाऊन दोन्ही प्लग बसवले, पाय टिपाडात उभा केला आणि इंजिन चालू केलं. धार जाड पडली.