मंदारच्या खेळांवर मी काय लिहिलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — त्याला तर मी नक्की काय काम करते हेही धड माहीत नाही. तो सीफला ऑफिसात गेला की सनाबिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी लॅपटॉप उघडते. 'गेम टेस्टिंग', एवढंच सांगितलंय. इथे बहारीनमध्ये जुगाराला बंदी. आणि मी परदेशातल्या एका वेबसाइटसाठी ऑनलाइन स्लॉटवर लिहिते. बटण दाबलं की चित्रांची चाकं फिरतात, सारखी चित्रं जुळली की खेळणारा जिंकतो — ते खेळ. मी पैसे न लावता नमुना खेळून बघते, बनवणारी कंपनी विश्वासाची आहे का ते सांगते. एका पुरुषाच्या खोट्या नावाने.

पण कबूल करायचंय ते हे नव्हे.

एकदा पुण्यातली एक नवी कंपनी माझ्याकडे परीक्षणाला आली. मालकाचं नाव वाचलं — मंदार.

पुण्यात आम्ही शेजारी बसून मोबाइलवरचे साधे खेळ बनवायचो. मला दिवस गेले तेव्हा मी रचलेला एक खेळ पुरा होत आला होता. मंदारने साहेबांना सांगितलं, हिचं आता कामात लक्ष नाही. खेळ त्याच्याकडे गेला, त्याच्याच नावाने बाजारात आला. मी राजीनामा दिला आणि फॅमिली व्हिसावर इकडे आले. भांडलेसुद्धा नाही. का नाही भांडले? — अजून राग येतो, त्याचा की माझा, कोण जाणे.

त्याचे खेळ मी आठवडाभर खेळले. खोट शोधत होते — ती सापडेना. नियम स्वच्छ, चित्रं सुरेख, फसवाफसवी कुठेच नाही. आणि मी लिहिलं: मोठं बक्षीस लागायची वेळ आली की खेळ अडकतो, मुद्दाम केल्यासारखा, या कंपनीपासून लांब राहा.

एकदाही अडकला नव्हता.

माझ्या शब्दाला तिथे वजन होतं, कुणी तपासलं नाही. वेबसाइटने त्याचे खेळ काढून टाकले. बाकीच्या वेबसाइटवाल्यांनी माझंच वाचून तेच लिहिलं. मी रोज बघायची, आज आणखी कुणी काढले. मजा वाटायची — हो, मजाच.

मग त्याचा फोन आला. लिहिणारी मीच, हे त्याला माहीत नव्हतं. मी या कामात आहे एवढंच कुणीतरी सांगितलेलं. आवाज पार उतरला होता. म्हणाला, "तुझ्याशी मी फार वाईट वागलो, विसरलो नाहीये. पण ते परीक्षण लिहिणाऱ्या माणसाला ओळखत असशील तर सांग ना — एकदा पुन्हा खेळून बघ म्हणावं."

माफी मागत होता तो. हेच तर हवं होतं ना मला?

"नाही रे, मी नाही ओळखत," मी म्हणाले. "होईल नीट, इंशाल्ला."

फोन ठेवल्यावर मी हसले.

नीट झालं नाही. कंपनी बंद पडली. त्याच्या खेळांतली ती सुरेख चित्रं वैशालीने काढली होती, हे नंतर कळलं — त्या जुन्या ऑफिसात, मला उलट्या व्हायच्या तेव्हा माझी पाठ चोळणारी वैशाली. तिचीही नोकरी गेली. मी तिला फोन केला नाही.

ते परीक्षण अजून तिथेच आहे. दोन ओळी पुसल्या तर खरं होईल, आणि त्या पुसणं माझ्याच हातात आहे. मी ते अधूनमधून उघडते, शेवटपर्यंत वाचते आणि बंद करते.