विमानात आठवलेली मोटर

आमच्या विहिरीवरची मोटर फोनवर चालते. एकदा रिंग दिली की सुरू, पुन्हा दिली की बंद. मला नोकरीवर सोडायला पप्पा अहमदपूरहून थेट बंगळुरूपर्यंत निघाले होते. नांदेडच्या विमानतळावर त्यांनी शेजारच्या प्रवाशाला ही करामत दाखवली. ‘मोटर सुरू झाली आहे,’ असं फोनमधली बाई म्हणाली. प्रवासी थक्क झाला, पप्पा खूश झाले, आणि तेवढ्यात विमानात बसायला बोलावलं.

चाकं जमिनीवरून उचलली तेव्हा त्यांना आठवलं, मोटर चालूच आहे.

गव्हाला जास्तीचं पाणी चाललं असतं. पण बांधाखाली काकांचा हरभरा काढून पडला होता, आणि काकांशी तुटलेलं आमचं बोलणं आत्ता दिवाळीपासून कुठे पुन्हा सुरू झालं होतं.

पप्पांनी फ्लाइट मोड काढून फोन खिडकीला टेकवला. ‘खाली एवढे टॉवर दिसून राहिलेत, एक तर धरंल.’

फोन रेंज शोधून शोधून तापला. चाळीस टक्के बॅटरी बघता बघता बावीसवर आली.

‘पप्पा, मोड लावा. अशानं उतरल्यावरही रिंग देता येणार नाही.’

‘मग त्या पोरीला विचार, एकच रिंग देऊ द्या म्हणावं. इंग्लिश मीडियमला कशाला घातलं तुला?’

मी मनात वाक्य जुळवलं, दोनदा तपासलं. एअर होस्टेस येऊन वाकली आणि माझ्या तोंडून निघालं, ‘वॉटर, प्लीज.’

‘अगं माय,’ पप्पा म्हणाले, ‘पाणी तर बंद करायचं हाय!’

तिची नजर फोनकडे गेली. पप्पांनी मुकाट्यानं मोड लावला. पुढचा सगळा प्रवास ते मांडीवरच्या फोनकडे बघत पाणी आता कुठवर गेलं असेल ते मला सांगत होते.

उतरल्यावर रेंज आली. रिंग दिली. बाई म्हणाली, ‘वीजपुरवठा बंद आहे.’

पप्पांनी लगेच काकांना फोन लावला. ‘लाईट कधी गेली?’

‘झाला की दीड तास. का रं?’

‘काही न्हाई, सहज. विमानातून बोलून राहिलो.’

जन्मभर लाईटवाल्यांना शिव्या देणाऱ्या माणसानं डोळे मिटून हात जोडले. दारात उभ्या एअर होस्टेसनं ते पाहिलं होतं. सगळं ठीक ना, तिनं मला इंग्रजीत विचारलं.

आणि मी, एकही शब्द न अडखळता, स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, ‘हो, आमच्या गावची लाईट गेलीय.’

‘सॉरी,’ ती म्हणाली.